चिप बसवली, पण पत्ता बदलला का?



मागच्या आठवड्यात स्वाध्यायानंतर एका ताईंनी विचारलं, "तुमच्या लेकीनं मांजराला चिप टोचून घेतली म्हणे. मुक्या जिवाला सुई, हे आपल्यात बसतं का?" प्रश्न रास्त आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'छविच्छेद' आहेच. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

लेक इंग्लंडमध्ये असते. तिथे कुत्र्यांना चिप २०१६ पासून सक्तीची आहे आणि पाळीव मांजरांना १० जून २०२४ पासून. मांजर २० आठवड्यांचं होण्याआधी चिप बसवावी लागते, नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड होतो. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते. मानेमागे, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली एकदाच टोचतात. तिला बॅटरी नसते आणि प्राणी कुठे आहे तेही ती सांगत नाही. वाचक यंत्र जवळ नेलं की १५ आकडी नंबर दिसतो, बस.

मी कॉमर्सवाली, त्यामुळे मला हे खतावणीसारखं वाटलं. चिपवर असतो तो फक्त पान क्रमांक. मालकाचं नाव, फोन, पत्ता असतो नोंदणी संस्थेच्या वहीत. ती वही जुनी राहिली तर पान क्रमांक घेऊन काय करणार?

हे मी डोळ्यांनी पाहिलं. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी लेकीकडे होते. मागच्या दाराशी एक पिवळं मांजर तीन दिवस येऊन बसत होतं. अंगावर हाडं दिसत होती, पण माणसाळलेलं, हाक मारली की पायाशी यायचं. लेक त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. चिप निघाली, नंबरही लागला. आम्हाला वाटलं, संध्याकाळपर्यंत घरी पोहोचेल. पण नोंदीतला फोन बंद होता आणि दिलेल्या पत्त्यावर दुसरेच भाडेकरू राहत होते. शेवटी ते प्राण्यांच्या निवाऱ्यात गेलं. त्याचा मालक कदाचित अजूनही शोधत असेल. सुई टोचून झाली होती, त्या जिवानं ती सोसलीही होती, आणि उपयोग मात्र शून्य.

म्हणून ताईंना मी म्हटलं, आपल्याकडे हिंसा मोजताना भाव बघतात. रक्षणासाठी दिलेली एक सुई आणि त्रास देण्यासाठी केलेला छेद एक नाहीत. पण त्याच पाच अतिचारांत 'अन्नपाननिरोध'ही आहे. आपल्या आश्रयाला असलेला जीव हरवून उपाशी फिरतोय आणि आपण पत्ता बदलायचा आळस केलाय, तर तो प्रमाद कुणाच्या खात्यावर पडेल? मला त्या सुईपेक्षा हा आळस जास्त टोचतो.

लेकीनं यंदा घर बदललं. वीज, बँक, विमा अशी पत्ता बदलायची यादी करत होती. "आई, अजून काय राहिलं?" म्हणाली. मी मांजराचं नाव सगळ्यात वर लिहायला लावलं. दहा मिनिटांचं काम होतं.

तुमच्या मुलांकडे परदेशात कुत्रं-मांजर असेल तर एवढं विचारा: चिपचा नंबर कुठे लिहून ठेवलाय? कोणत्या संस्थेत नोंद आहे? फोन चालू आहे का? जनावर दुसऱ्याकडून घेतलं असेल तर नोंद अजून जुन्या मालकाच्या नावावर नाही ना? आणि इथून कुणी आपलं जनावर ब्रिटनला नेणार असेल तर चिप बसवल्यावरच रेबीजची लस टोचा. आधी दिलेली लस तिथे धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. म्हणजे त्या जिवाला एक सुई उगीच जास्त.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो, बँकेचं केवायसी करतो. त्याच दिवशी ही नोंदही तपासा, म्हणजे लक्षात राहील.

जय जिनेंद्र.