नागपूर किती लांब?

कोस, मजल, मुक्काम हे जुने शब्द वाटेचे होते, तसेच वाट तुडवणाऱ्या माणसाच्या दमाचेही होते. आज 'नागपूर किती लांब?' असे विचारले की उत्तर येते, 'विमानाने दीड तास, समृद्धीने आठ.' दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि शहाडला राहणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अपुरी आहेत.

मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. लोहमार्गाने ते ८३७ किलोमीटर होते. नागपूरच्या गाड्या आमच्या शहाड स्थानकातून धडधडत जातात, थांबत मात्र नाहीत. उलटे कल्याणला जाऊन त्या पकडाव्या लागतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसाऱ्याच्या घाटाला पोटातून छेद देणारा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा याच टप्प्यात आहे. रस्ता विमानाच्या रेषेच्या इतक्या जवळ जाईल, असे आम्हांला कधी वाटले नव्हते.

पण विमानाचा दीड तास मोजला जातो तो विमानतळापासून. शहाडहून तिथवर जायचे दोन तास, तिथे आधी पोचण्याचा दीड तास आणि सोनेगावहून घरापर्यंतचा वेळ धरला, तर दीडाचे सहा सहज होतात. तेही त्या वेळी विमान असले तर. समृद्धीचे आठ तास आमण्यापासूनचे. गांधारी पूल ओलांडून पडघ्याच्या रस्त्याने आमणे गाठण्यात जो वेळ जातो, तो कोणत्याच फलकावर लिहिलेला नसतो. असो.

आमचे आजोळ नागपूरचे. घरात हे अंतर खऱ्या अर्थाने मोजले गेले ते एकाच प्रश्नाने: मातीला पोचता येईल का? मागच्या पिढीत तार हाती पडेपर्यंत सारे उरकलेले असे. मग ती माणसे दहाव्याला जात आणि त्यांना कोणी बोल लावत नसे. मराठीत 'अंतर देणे' म्हणजे त्यागणे. पण त्या काळी मैलांच्या अंतराला कोणी या अर्थाचे अंतर समजले नाही. लांब राहणाऱ्याला उशिराची मुभा होती. राज्यकर्त्यांना मात्र ती नव्हती. १९५३ च्या नागपूर करारानेच विधिमंडळाचे वर्षाकाठी एक अधिवेशन तिथे घेण्याचे ठरवले, कारण दूर असणे आणि दुरावणे यांतला फरक राजकारणात फार काळ टिकत नाही.

आता ती मुभा आमच्याही हातून गेली आहे. भ्रमणध्वनी क्षणात वाजतो, रस्ता रात्रीही खुला असतो, पहाटेचे विमान मिळू शकते. न पोचणाऱ्याला आता कारण द्यावे लागते आणि पोचणाऱ्यासाठी तिकडे सगळे खोळंबतात. मामांच्या वेळी आम्ही रात्री दहाला गाडी काढली. शहापूर मागे पडले नव्हते तोच मावशीचा फोन आला. तिचा आवाज कोरडा होता. आधी कशाने निघालात, मग कुठवर आलात, आणि मग, किती वाजेपर्यंत थांबवू?