फोडणीच्या आधीचा वाटा

डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत मी राहते. माझ्यासोबत एक कुत्री आणि दोन मांजरं राहतात. शाळेच्या कार्यालयात लिपिक होते, आता निवृत्तिवेतनावर घर चालतं. ओळखीची माणसं मला दोन तऱ्हांनी विचारतात. एवढ्या पैशांत या तिघांचं कसं भागतं, असं काहींना वाटतं. इतकी हिशोबी बाई हा खर्च मुळात का ओढवून घेते, असं काहींना वाटतं. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ आहेत, पण ती माझी नाहीत. लालबागमधल्या एका खानावळवाल्या मावशीची आहेत.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मावशीची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर दहा बाय बाराची एकच खोली. सकाळी तीत दोन स्टोव्ह पेटायचे आणि रात्री तिथेच अंथरूण पडायचं. साताऱ्याकडून एकटे आलेले कामगार गाळ्यांतून दाटीवाटीने राहत आणि अशा खानावळींत महिन्याने जेवत. त्यांना ‘मेंबर’ म्हणायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, ज्याची जशी पाळी तसं त्याचं ताट. हिशोब व्हायचा पगाराच्या दिवशी. तोवर वाणी, रॉकेलवाला, मासळीवाली या सगळ्यांची उधारी मावशीच्या डोक्यावर. गिरणगावात अशा कितीतरी बाया होत्या. सावकाराच्या व्याजातून ज्यांना बाहेर काढून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्या याच बाया.

मावशीकडे एक तांबूस रंगाची कुत्री होती. तिचं नाव तांबू. रस्त्यावरचीच. जिन्याखाली पोत्यावर झोपायची. खानावळीत कुत्रं म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे ताटातलं उष्टं येतं. मावशीचा तसा शिरस्ता नव्हता. कांदा-लसूण पडायच्या आधी, मीठ-मसाला पडायच्या आधी, ती एका जर्मनच्या वाडग्यात तांबूचा वाटा काढून ठेवायची. भाकरी, भाताची पेज, मासळीवालीने दिलेली मासळीची डोकी उकडून, काटे काढून. उष्टं मात्र मेंबरांनी टाकलं तरी ती कुत्रीपुढे सरकवू द्यायची नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, “पोरी, उरलं तर देईन म्हणणाऱ्याचं कधी उरत न्हाई. तिचं आदी काढायचं, मग फोडणी द्यायची.”

कांदा-लसणाने कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या अंगातलं रक्त कमी होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी पशुवैद्यांकडून कळलं. मावशीला पेशी ठाऊक नव्हत्या. तिने आईकडून पाहिलेलं ती करत होती. पण तिच्या त्या सवयीत आरोग्य जितकं होतं तितकाच हिशोबही होता. आधी काढलेला वाटा लहान असला तरी रोज निघतो. उरल्यावर द्यायचा वाटा कधी मोठा असतो, कधी मुळीच नसतो, आणि पोट तर रोजचं.

पैशाचंही तसंच. फडताळात डालड्याचा पिवळा डबा होता. पगाराच्या दिवशी मेंबर पैसे देऊन गेले की वाण्याचे, रॉकेलवाल्याचे असे ढीग लावण्याआधी मावशी त्यातली काही नाणी डब्यात टाकायची. तो डबा तांबूचा. घरात कितीही ओढ असली तरी त्याला कुणी हात लावायचा नाही. डब्यातून दोनच मोठे खर्च निघत. एक रेबीजच्या लसीचा आणि दुसरा बिल्ल्याचा.

बिल्ल्याचं आजच्या वाचकाला सांगायला हवं. त्या काळी मुंबई महापालिका रस्त्यावरची कुत्री पकडून नेऊन मारून टाकत असे. पालिकेचा कुत्र्यावरचा कर भरला की गळ्यात अडकवायला बिल्ला मिळायचा. कुत्र्यांची गाडी आली की पोरं आरडत गल्लीभर धावायची, आणि ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही त्याची शाश्वती नसायची. तांबूच्या गळ्यात सुतळीत ओवलेला बिल्ला कायम असे. मावशीच्या स्वतःच्या गळ्यात काळ्या मण्यांखेरीज काही उरलं नव्हतं. सोनं कधीच गहाण पडलं होतं.

लसीमागेही असंच कारण होतं. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर तेव्हा माणसाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. चाळीतल्या आयांना त्या चौदाचा धसका होता. लसीचा कागद मावशी देवाच्या तसबिरीमागे ठेवायची, आणि कुणी कुरकुर केली की काढून दाखवायची. चाळीत पोरांच्या पायांत एक कुत्री वर्षानुवर्षं सुखाने वावरली ती त्या कागदामुळे. जनावर पाळायचं तर शेजाऱ्यांचीही काळजी आपल्याकडे येते, हे मला तिथे उमगलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामावरून उतरले. भोंगे थांबले. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिन्यांत मिटेल. मग एकेक मेंबर गावाला निघाला. जाताना प्रत्येक जण मावशीच्या पाया पडून सांगायचा, आलो की पैसे देतो. बरेच जण परत आलेच नाहीत. मावशीच्या वहीत त्यांच्या नावांपुढे आकडे तसेच राहिले, आणि वाण्याच्या वहीत मावशीच्या नावापुढे. आमचेही वडील गावी गेले. आई शिवणकाम करायची. आम्हा भावंडांचं एक वेळचं जेवण मावशीकडे, उधारीवर, असं ठरलं. किती दिवसांसाठी, हे तिने विचारलं नाही.

त्या दिवसांत चाळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने मावशीला सरळ सांगितलं होतं की, माणसांना नाही तिथे कुत्रं कसलं पोसतेस, दूर कुठे सोडून ये. त्याचं बोलणं दुष्टपणाचं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या घरी चूल एकदाच पेटत होती. मावशीने वाद घातला नाही. तिने स्वतःचा रात्रीचा चहा बंद केला, पितळेचा मोठा टोप विकला, स्टोव्ह दोनाचा एक केला. वाडग्यातली पेज पातळ झाली, मासळीची डोकी आठवड्यातून एखादेवेळी येऊ लागली. पण फोडणीच्या आधी वाडगा भरला गेला नाही असं मी पाहिलं नाही. आमची ताटंही त्याच काळात त्याच हातांनी भरली जात होती. म्हणून कुणी ‘माणसं की जनावरं’ असा प्रश्न टाकला की मला तो पटत नाही. जिने जनावराचा वाटा बुडवला नाही, तिनेच आमचाही बुडवला नाही.

त्या पावसाळ्यात तांबूला दुसऱ्या कुत्र्याने मानेला फाडलं. जखमेत अळ्या पडल्या. मावशीने डालड्याचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “परळला घेऊन जा, मी खानावळ सोडून येऊ शकत न्हाई.” भारतमाता टॉकीजवरून मी दोरी धरून तिला परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या दवाखान्यात नेऊ लागले. रांगेत घोडा असायचा, बैल असायचा, कुणाच्या टोपलीत कबुतर. डॉक्टर कुणाचे कपडे बघून बोलत नसत. अळ्या काढून टर्पेंटाईनने जखम साफ करायची, मलमपट्टी करायची, दोन दिवसांनी पुन्हा बोलवायचं. घेतलेले पैसे त्या डब्याला झेपतील इतकेच असत.

हा दवाखाना चालवणारी प्राणिरक्षक संस्था १८७४ ची. तिला दिनशा पेटिटांची मोठी देणगी मिळाली आणि दवाखान्याला त्यांच्या पत्नीचं नाव लागलं. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही १८८६ मध्ये त्याच आवारात सुरू झालं. पेटिट हे मुंबईतल्या सुरुवातीच्या मोठ्या गिरणीमालकांपैकी एक. गिरण्या बंद पडलेल्या वर्षी, गिरणीच्या पैशातून शंभर वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या दवाखान्यात, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बाईची कुत्री बरी झाली. या दात्यांचं ऋणही माझ्यावर आहे. गरिबाच्या घरात जनावर जगतं ते एकट्याच्या पुण्याईवर जगत नाही. कुणीतरी कधीतरी बांधून ठेवलेला दवाखाना लागतो, मासळीची डोकी फुकट देणारी कोळीण लागते.

नोकरी लागल्यावर मी मावशीची उधारी फेडायला गेले. तिने नको-नको केलं नाही. वही काढली, चष्मा लावला, बोट ठेवून आकडा वाचला, पैसे मोजून घेतले आणि नाव खोडलं. मला ते फार आवडलं. आमच्या घराची मान तिने ताठ ठेवली. पैशांचं देणं असं फिटलं. दुसरं मात्र कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं, आणि मावशी जाऊनही आता वर्षं झाली.

आज माझ्या घरी डालड्याचा डबा नाही, बँकेत एक वेगळं आवर्ती खातं आहे. पेन्शन जमा झाली की पहिल्यांदा त्यात पैसे जातात. लस, जंताचं औषध, अचानक येणारं आजारपण, सगळं त्यातून. या बाबतींत मी एक रुपयाही वाचवत नाही, कारण तिथे वाचवलेला रुपया पुढे फार महाग पडतो. पिल्लाला पार्वो झाला तर सलाईनवरचे चार-पाच दिवस लसीच्या कित्येक पट खर्चाचे असतात, आणि एवढं करूनही पिल्लू हाताला लागेलच असं नाही. नसबंदीचंही तसंच. मांजरी सहा महिन्यांची व्हायच्या आतसुद्धा गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षात दोन-तीनदा विते. एका शस्त्रक्रियेचे पैसे टाळणाऱ्या घरातून मग पिल्लांची खोकी बाजारात सोडली जातात. ते बघवत नाही.

बाकी सगळीकडे हात आखडता घेता येतो. माझ्या जनावरांना विकतचा बिछाना नाही, जुन्या लुगड्याची गोधडी आहे. कपडे नाहीत, वाढदिवसाचा केक नाही, दुकानातली खेळणी नाहीत. कुत्रीला भाकरी-भात, अंडं, कोंबडीची कलेजी. मांजरांचं मात्र भाकरीवर भागत नाही, त्यांना मांसमच्छीच लागते. मोठ्या मांजराला दूधही बहुधा पचत नाही. स्वस्तातली मांदेली उकडून आणि जोडीला थोडं तयार खाद्य, असं मी बसवलं आहे. शिजलेली हाडं कुणालाच नाही, त्यांचे तुकडे आतड्याला टोचतात. आमच्याच इमारतीत एका मांजराला डॉक्टरचे पैसे वाचवायला माणसांची तापाची गोळी दिली गेली. पॅरासिटामॉल मांजराला विष असतं. ते वाचलं नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना मारायचं नाही, नसबंदी करून, रेबीजची लस देऊन त्यांच्या जागी परत सोडायचं, असे केंद्राचे नियम २००१ पासून आहेत, २०२३ मध्ये ते नव्याने आले. तांबूला जगायला बिल्ला लागत होता, तिच्या पुढच्या पिढ्यांना तो लागत नाही. मावशीला हे सांगायला हवं होतं.

ज्यांच्या घरी बेताचे पैसे आहेत आणि मनात जनावर आणायचं आहे, त्यांना माझी विनंती आहे. विकतचं पिल्लू घेऊ नका, आपल्या गल्लीतलंच एखादं घ्या. त्याला आणण्याआधी तीन-चार महिने त्याच्या नावाने पैसे बाजूला काढून पाहा. ते निघत असतील तर खुशाल आणा. आणि त्याआधी एकदा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन या. लस केव्हा मिळते, नसबंदी कुठे होते, केसपेपरला किती लागतात, हे विचारा. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ ला एका मुलाला रेबीजची पहिली लस टोचली, म्हणून दर वर्षी ६ जुलैला पुष्कळ ठिकाणी जनावरांना ही लस मोफत टोचतात. तुमच्याकडे टोचतात का, तेही तिथेच विचारून या.