सल्लागार मंडळ आणि हुजूरपागा

शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका हाती आली की मी आधी सल्लागार मंडळाची नावं वाचतो. निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, कारखानदार, एखादे वास्तुविशारद. इतकी कर्तबगार माणसं एका शाळेपाठी उभी आहेत हे पाहून बरं वाटतं. मग मनात येतं, यांनी या शाळेला काय दिलं असेल?

हा प्रश्न मला नेहमी 1884 च्या पुण्यात घेऊन जातो. मुलींसाठी हायस्कूल काढायचं म्हणून तेव्हा काही माणसं एकत्र आली. महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातले, रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक, वामन आबाजी मोडक शाळेचा कारभार आतून जाणणारे, शंकर पांडुरंग पंडित वेदांचे संपादक आणि सरकारी भाषांतरकार. विल्यम वेडरबर्न यांच्यासारख्या सनदी अधिकाऱ्याचं पाठबळही मिळालं. यातून उभी राहिलेली शाळा म्हणजे हुजूरपागा.

प्रत्येकाच्या पेशाचा तिथे काही उपयोग होता. रानडे आणि पंडित यांना सरकारदरबारी कुठलं दार ठोठावायचं हे ठाऊक होतं. मोडकांना शाळा चालवायची कशी हे कळत होतं. भांडारकरांची विद्वत्ता तर मला फार मोलाची वाटते. त्या काळी स्त्रियांच्या प्रश्नावर सगळ्यात मोठा अडसर शास्त्राधाराचा, आणि खुद्द ग्रंथ उघडून तो दूर करील असा विद्वान सुधारकांच्या बाजूला असणं म्हणजे निम्मी लढाई जिंकणं. 1891 साली मुलींचं संमतिवय वाढवण्याच्या कायद्यावरच्या वादात त्यांनी तेच केलं. त्याच वर्षी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाहही लावून दिला. ग्रंथातून सांगितलेलं त्यांनी घरात आणलं.

घराचा विषय निघाला की रानड्यांच्या पत्नी रमाबाई आठवतातच. या शाळेच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरसमोर त्यांनी इंग्रजीतून भाषण वाचलं. घरी परतल्यावर घरातल्या बायकांनी काय काय ऐकवलं, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. रानड्यांचं नाव सभेत झळकलं, पण त्याची किंमत माजघरात रमाबाई मोजत होत्या. हुजूरपागेच्या संस्थापकांची यादी करताना त्यांचं नाव मागे पडतं, हे मला पटत नाही. बोलणी खाऊनही त्या शिकत राहिल्या, याहून मोठा आधार त्या शाळेला कुणी दिला?

शाळा सुरू झाली म्हणून विरोध थांबला नाही. अभ्यासक्रमावर, शाळेच्या वेळेवर टिळकांनी आपल्या वृत्तपत्रांतून कडक टीका केली. मुलींना घरकामाला वेळ उरला पाहिजे, हा त्यातला एक मुद्दा. अशा वेळी शिक्षिका एकट्या काय करणार? समाजात वजन असलेल्या माणसांचं खरं काम इथे सुरू होतं. बाहेरचा मारा त्यांनी अंगावर घ्यायचा आणि वर्गातला तास निर्वेध चालू द्यायचा.

आणि हे काम वर्षानुवर्षांचं. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली, तेव्हा अध्यक्षस्थानी भांडारकर होते. 1916 मध्ये कर्व्यांचं महिला विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलपतीही तेच. तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते.

आज खासगी शाळांना सल्लागार सहज मिळतात. वर्षातून एक बैठक, एक शाल, एक छायाचित्र. त्यात वाईट काही नाही, पण ते पुरेसंही नाही. फी वाढवायची की नाही, गरीब घरातली मुलं टिकवायची कशी, पालकांचा धाकदपटशा आला तर शिक्षकाच्या बाजूने कुणी उभं राहायचं, या प्रश्नांच्या वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीत कुणीतरी हवं असतं.

तुम्ही हिशेब तपासण्यात, कायद्यात, बांधकामात किंवा औषधोपचारात आयुष्य घालवलं असेल, तर जवळच्या एखाद्या लहान शाळेत जा. पत्रिकेत नाव घालू नका म्हणून सांगा. मुख्याध्यापकांना त्यांची अडचण विचारा, आणि ती सुटेपर्यंत येत राहा.