पेटीची किल्ली आणि फुकटचे वायफाय



आमच्या घरी माझ्या वडिलांची पत्र्याची पेटी आहे. 1990 साली कायदा बदलला आणि अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती बौद्धांनाही मिळू लागल्या. त्यानंतर आम्हा भावंडांच्या दाखल्यांसाठी वडिलांनी कचेरीच्या किती पायऱ्या झिजवल्या, ते त्यांनाच ठाऊक. मिळालेला प्रत्येक कागद त्या पेटीत जाई आणि किल्ली त्यांच्या करदोड्याला असे. आईलासुद्धा ती मागावी लागे.

आता तेच कागद माझ्या मुलीच्या मेलमध्ये आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, सारे फोटो काढून ठेवलेले. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर ते हाताशी लागतातच.

आमचे गाव ताम्हिणीच्या अंगाला. पावसाळ्यात वीज जाते आणि मोबाइलची रेंजही जाते. गेल्या पावसाळ्यात अर्जाची मुदत जवळ आली, तेव्हा मुलगी हप्त्याने घेतलेला जुना लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याबरोबर पिरंगुटला आली. मी कंपनीत गेलो. ती रस्त्याकडेच्या एका हॉटेलात चहा घेऊन बसली, कारण दारावर ‘फ्री वायफाय’ अशी पाटी होती.

लॅपटॉपवर हॉटेलच्या नावाची दोन वायफाय दिसली. एकाला पासवर्ड होता, दुसरे उघडे. तिने उघडे घेतले. लगेच एक पान आले, ‘इंटरनेटसाठी आपला ईमेल आणि पासवर्ड टाका.’ तिने टाकला. पान म्हणाले, चुकला. पुन्हा टाकला. मग नेट सुरू झाले आणि ती अर्जाला लागली. अर्ज अर्धा झाला तोच बसची वेळ झाली.

रात्री वाडीच्या वरच्या टेपाडावर तिच्या फोनला रेंज आली आणि संदेश वाजला : नवीन ठिकाणाहून तुमचे खाते उघडले आहे, ते तुम्हीच का? पोर धावत घरी आली. ‘‘पप्पा, माझ्या मेलमध्ये कुणीतरी शिरलंय.’’ भर पावसात आम्ही दोघे छत्री धरून टेपाडावर उभे राहिलो. तिने ‘मी नव्हे’ दाबले, पासवर्ड बदलला, बाकी सगळ्या यंत्रांवरून खाते बंद केले. तोवर कोणी काय पाहिले, काय उतरवून घेतले, हे आजही कळलेले नाही. वडिलांची किल्ली चोराच्या हाती गेल्यासारखे मला झाले. मी पोरीवर ओरडलो. तो राग चुकीच्या माणसावर निघाला, हे आता पटते.

दुसऱ्या दिवशी हॉटेलमालकाला विचारले. तो म्हणाला, ‘‘दादा, आमचं वायफाय एकच हाय. त्याचा पासवर्ड ह्यो भिंतीवर लिवलाय. दुसरं कुणाचं, ठावं नाय.’’

म्हणजे कोणीतरी हॉटेलचेच नाव देऊन आपले वायफाय सोडले होते. त्याला फार मोठे यंत्र लागत नाही, नाव कोणालाही काहीही देता येते. 2024 साली ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी विमानतळांवर आणि विमानात असेच खोटे वायफाय चालवल्याबद्दल एका माणसावर गुन्हे दाखल केले. तेथेही लोकांकडून मेलचे पासवर्ड काढून घेण्याचाच आरोप होता. मी पोरीला सांगितले, शिकलेले विमानप्रवासीही फसतात, तू मनाला लावून घेऊ नकोस.

पुणे स्टेशनवर रेलटेलचे वायफाय आहे. तेथे मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो, बस्स. नेट द्यायला कोणाला आपल्या मेलचा पासवर्ड कशाला हवा? एवढा एक प्रश्न त्या दिवशी सुचला असता तर पुढचे टळले असते.

हल्ली बहुतेक साइटच्या पत्त्याला कुलूप असते, त्यामुळे मधल्या मध्ये मजकूर वाचणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. पण चोराच्या पानालाही कुलूप लावता येते, म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा. आणि ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर घाईने ‘पुढे जा’ दाबायचे नाही, लॅपटॉप मिटायचा. जोडलेले वायफाय सार्वजनिक की खासगी, हे विंडोजमध्ये निवडता येते. बाहेर असताना ‘सार्वजनिक’च निवडावे, म्हणजे शेजारच्या लॅपटॉपला आपला लॅपटॉप दिसत नाही. काम झाले की ते वायफाय ‘विसर’ म्हणून सांगायचे. नाही तर पुढच्या वेळी त्याच नावाचे दुसरे वायफाय दिसले तरी लॅपटॉप न विचारता जोडला जाऊ शकतो. आपल्या पोरांना हे कॉलेजात कोणी सांगत नाही, निदान माझ्या मुलीला तरी नव्हते सांगितले. मेलला दुहेरी पडताळणी आता लावली आहे. पैसे गेले तर 1930 या क्रमांकावर तत्काळ फोन करायचा, हेही तिने चुलीशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवले आहे.

उरलेला अर्ज तिने विहाराच्या ओट्यावर बसून भरला. तेथे तिच्या मावशीच्या फोनला दोन काड्या रेंज येते. त्या फोनचे हॉटस्पॉट घेतले, त्याला लांबलचक पासवर्ड घातला. वस्तीतली पोरे पासवर्ड मागत भोवती बसली होती, तिने कोणाला दिला नाही. रात्री साडेदहाला अर्ज गेला. अर्जाचा क्रमांक मी कागदावर लिहून वडिलांच्या पेटीत ठेवला.