पाणीपालट

सुट्टीवर जाण्याला मराठीत एक जुना, छापील शब्द आहे : हवापालट. पण लाखांदूरकडे कुणी चार दिवस परगावी राहून आलं, की हवेची चौकशी कुणी करत नाही. विचारतात ते पाण्याचं. पाणी कसं आहे तिथलं? मानवलं का? नवी सून सुकलेली दिसली तर पाणी बाधलं म्हणतात, बदलीवर गेलेला मास्तर अंगाने भरून आला तर पाणी मानवलं म्हणतात. गावाची सगळी पारख पाण्यावर. मला ही बोलीतली चौकशी छापील शब्दापेक्षा शहाणी वाटते. डोंगरातल्या लहानशा गावी जाऊन कुटुंबाला जो विसावा मिळतो, तो हवेने थोडा मिळतो आणि पाण्याने जास्त.

याचा पुरावा या भागाच्या कष्टातच आहे. वैनगंगा आणि चुलबंदच्या आधाराने राहणारा भंडाऱ्यातला हा तालुका धानाचा आहे, आणि धान म्हणजे पाण्यात उभं राहून करायचं काम. आषाढात पऱ्हे उपटले की रोवणी लागते. सकाळी बांधीत उतरलेली बाई दिवस कलेपर्यंत कमरेत वाकलेली असते. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने दोन-चार काड्या सुटतात, अंगठ्याने चिखलात दाबल्या जातात, आणि पाऊल मागे पडतं. रोवणी मागे मागे सरकत होते, त्यामुळे रोवणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर नेहमी आपलं झालेलं काम असतं आणि उरलेलं पाठीमागे. वरून पाऊस, खाली घोट्याच्या वर गढूळ पाणी. पंधरा दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, रात्री आग होते, सकाळी पुन्हा तेच पाणी. मग वर्षभर पाण्याचीच काळजी : तलाव किती भरला, बोडी कधी आटेल, नहर सुटेल का. कोहळी लोकांनी खोदलेले जुने तलाव, ज्यांना आज मामा तलाव म्हणतात, तेही सिंचनासाठीच. इथल्या माणसाची पाण्याशी ओळख जन्माची आहे, पण ती कामाची ओळख आहे. अशा घराला हवा पालटून काय होणार? ज्यात काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं, असं पाणी त्याला हवं.

आपल्याकडची थंड हवेची गावं मात्र या हिशोबाने वसलीच नाहीत. चिखलदरा 1823 साली हैदराबाद फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सनने शोधल्याचं सांगतात. पचमढीत कॅप्टन फोर्सिथचं बायसन लॉज 1862 मध्ये उभं राहिलं आणि पुढे ते गाव मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झालं. उन्हाने बेजार झालेल्या अंमलदारांसाठी ती वसली, म्हणून तिथे हवा मुख्य आणि हवेबरोबर देखावा. त्यातूनच ‘पॉइंट’ आले आणि आजच्या सहलीच्या पत्रकावर तेच मोजलेले असतात. जीपमधून उतरा, कठड्याशी उभे राहा, फोटो काढा, चढा. आजी तिसऱ्या पॉइंटपासून जीपमध्येच बसून राहते. पण त्याच पचमढीला विदर्भातली माणसं वेगळ्या नावाने ओळखतात : मोठा महादेव. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत व्याघ्र प्रकल्पातली नागद्वारची वाट तेवढ्यापुरती उघडते आणि विदर्भातून माणसांचे लोंढे पावसात भिजत ती चढतात. महादेवाच्या गुहेत छतातून पाणी टिपकत राहतं, खाली कुंड भरतं. तिथे कुणी पॉइंट मोजत नाही. एकच गाव, एकाने हवेसाठी वसवलेलं, दुसरा पाण्यासाठी तिथे जातो.

सातपुड्यातच, पचमढीच्या डोंगराखाली छिंदवाड्याच्या बाजूला, अनहोनीचं गरम कुंड आहे. तळातून बुडबुडे येतात, गंधकाचा वास दरवळतो. न घडणारं घडलं, असं त्या नावात आश्चर्य आहे. मराठीने असल्या जागांना जास्त घरगुती नावं दिली. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, चोपड्याकडचा उनपदेव, किनवटचं उनकेश्वर : सगळ्यांत ‘ऊन’ ऐकू येतं. आपल्याकडे ऊन म्हणजे नुसता सूर्याचा ताप नाही, ऊन ऊन भातही असतो. हिमाचलातल्या मणिकर्णला तर तांदूळ फडक्यात बांधून कुंडात सोडतात आणि शिजलेला भात बाहेर काढतात. रोवणीच्या पाण्यातून सुरू झालेला तांदूळ डोंगराच्या पाण्यात शिजताना पाहणं धानवाल्याला किती आपलं वाटेल! युरोपात अशा झऱ्यांभोवती अख्खी गावं उभी राहिली, त्यांतली 11 गावं 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. तिथे राहण्याचा जुना रिवाज तीन आठवड्यांचा. त्यांतल्या कार्लोव्ही व्हारीत दांड्यातूनच चोखायचा पेला घेऊन लोक घोट घोट पाणी पीत फिरतात. घाई करताच येऊ नये अशीच ती सोय.

यावर पहिला आक्षेप असा, की भंडाऱ्याच्या मे महिन्यात गरम पाण्यात कोण बसेल? कुणीच नाही, आणि बसूही नये. पण शाळेची सुट्टी हीच घराची सुट्टी, हे इथे खरं नाही. दिवाळीत धान कापणीला आलेलं असतं, मे महिन्यात कुणी उन्हाळी धानात, कुणी तेंदूपत्त्यावर. धान चुरून, विकून हात मोकळे होतात ते पौषात. तेव्हा थंडीही असते आणि झाडीपट्टीची नाटकं पाहायला माणसं रात्र रात्र जागू शकतात, म्हणजे वेळ आहे. मुलांच्या शाळेचे चार दिवस बुडतील, ते बुडू द्यावेत. दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा, आणि तो निम्मा खरा आहे. झऱ्याने सगळे त्वचारोग जातात हे मी म्हणणार नाही, आणि हृदयाचा त्रास असलेल्याने किंवा गरोदर बाईने फार कढत पाण्यात उतरू नये. पण कमरेपर्यंत पाण्यात शरीराचा भार जवळजवळ निम्मा होतो, आणि उबेने आखडलेले स्नायू सैल पडतात. चाळीस पावसाळे वाकून रोवलेल्या गुडघ्याला एवढं पुष्कळ आहे, त्याला चमत्कार लागत नाही. तिसरं म्हणणं असं, की नवेगावबांध हाकेच्या अंतरावर असताना इतक्या लांब कशाला? तलाव सुंदरच आहे. पण त्याच्या काठावर उभं राहून शेतकऱ्याच्या मनात यायचं तेच येतं, की यंदा पाळ्या किती मिळतील.

अडचण खरी आहे ती वेगळीच. आपल्या बहुतेक कुंडांच्या पायऱ्या दगडी, उंच आणि शेवाळलेल्या. धरायला काही नाही. बायकांना लुगडं बदलायला आडोसा नसतो, म्हणून त्या पहाटे अंधारात अंग ओलं करून घाईने बाहेर येतात. म्हणजे ज्या अंगाला त्या पाण्याची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात कमी वेळ पाण्यात राहतं. तिथे नवा पॉइंट नको, झिपलाइनही नको. वीतभर उंचीच्या पायऱ्या, एक लोखंडी कठडा, चार भिंतींची खोली आणि बाहेर पडल्यावर टेकायला उन्हात एक बाक.