एक अंश

भाईंदरच्या मिठागरांकडे फिरावयास गेलो असता एक स्नेही म्हणाले, "काळ अस्थिर आहे खरा, पण कुंभयुग येत आहे, माणूस आपोआप पालटेल."

ज्या संपातचलनावर ही युगकल्पना उभारली आहे, त्याच्याच आधारे टिळकांनी १८९३ साली 'ओरायन' ग्रंथात वेदकाल ठरविला. वसंतसंपात एक अंश मागे सरकावयास सुमारे ७२ वर्षे लागतात, म्हणजे जवळजवळ एक मनुष्यजन्म! एक राशी ओलांडावयास तर सुमारे २१५० वर्षे. माझ्या साऱ्या आयुष्यात आकाश अजून एक अंशही सरकलेले नाही. मग धाकट्या भावाशी नऊ वर्षे धरिलेला अबोला सोडावयास मी कोणत्या युगाची वाट पाहात होतो?

त्याच रात्री त्यास पत्र लिहिले.