गाळी इल्ला

सापुताऱ्याला जाऊन आलो असे सांगितले की मित्र सूर्यास्ताबद्दल आणि थंडीबद्दल विचारतात. आम्ही सापुतारा ओलांडला तो रात्री दोन वाजता, गुळाच्या गाडीतून, आणि मला आठवतो तो फक्त मामांचा उजवा खांदा. घाट उतरताना ते स्टिअरिंग सारखे उजवीकडे धरून होते. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. "रस्त्याला त्या अंगाला उतार आहे," असे मामा म्हणाले आणि मी मान डोलावली. प्रत्येक वळणावर उतार एकाच अंगाला कसा, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या वेळी सुचले नाही.

दिवाळीची सुट्टी होती. क्लीनर गावी गेला म्हणून मामांनी मला बरोबर घेतले. कोल्हापूरच्या गुळाचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे गुजरात. आमचे काही रवे नाशिकला उतरवायचे होते, त्यामुळे मुंबईचा रस्ता सोडून वणी, सापुतारा, वघई असे आलो. उरलेला आठेक टन माल सुरतेच्या व्यापाऱ्याला दुपारपर्यंत पोचवायचा होता.

सकाळी बारडोली आली. बारडोली म्हणजे १९२८ चा सत्याग्रह, शेतसाऱ्याची वाढ आणि वल्लभभाई पटेल, एवढे पाठ होते. प्रत्यक्षात दिसला तो ऊस! दोन्ही बाजूंना ऊस, रस्त्यावर उसाच्या गाड्या, कडेला तोडकऱ्यांच्या झोपड्या. आपल्याच चिकोडी तालुक्यात आल्यासारखे वाटले. मी हे बोलून दाखवणार तोच पुढे एक बैलगाडी आडवी आली, मामांनी ब्रेक दाबला, आणि डॅशबोर्डवरचा बझर किंचाळू लागला. गाडी थांबली, पण नेहमीपेक्षा बरीच पुढे जाऊन. बैल आणि आमचा बंपर यांच्यात दोन हात अंतर राहिले असेल.

"गाळी इल्ला," मामा म्हणाले. आमचे आजोळ कानडी. मामा मराठी बोलतात, पण घाबरले की कानडीवर येतात. गाडी हळूहळू चालवत आम्ही जवळच्या गॅरेजपाशी नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनाही त्यांनी त्याच भरात "गाळी इल्ला" म्हणून सांगितले. कानडीत गाळी म्हणजे हवा, गुजरातीत गाळ म्हणजे शिवी. मिस्त्रींचा चेहरा पाहून मी घाईघाईने "हवा, हवा" म्हणालो. त्यांचा मदतनीस नवापूरकडचा निघाला. त्याचे आईवडील कोयत्यावर आले होते ते तिथेच राहिले. पुढचे दुभाष्याचे काम त्याने केले.

इथे थोडे यंत्राविषयी सांगतो. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. पायाने पेडल दाबले की ती पाइपांतून प्रत्येक चाकाच्या चेंबरमध्ये जाते. तिथे रबराचा पडदा असतो. २४ चौरस इंचांच्या पडद्यावर दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब आला, तर मागची दांडी सुमारे एक टन जोराने ढकलली जाते, आणि तीच ब्रेक लावते. हवा गेली तर हा जोर गेला. रेल्वेसाठी वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये काढलेला पहिला हवेचा ब्रेक असाच होता. पाइप फुटला की ब्रेक संपला. १८७२ मध्ये त्याने रचना उलटी केली, हवा गेली तर ब्रेक आपोआप लागावा अशी. ट्रकमध्ये ही उलटी रचना हँडब्रेकला असते. तिथे स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा तो सोडवते. पायाचा ब्रेक मात्र जुन्या पद्धतीचाच राहिला आहे.

मिस्त्रींनी कशालाही हात लावण्याआधी नुसते पाहिले. दाबाचे काटे दोन, एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. इंजिन चालू ठेवले तर दोन्ही वर चढले. म्हणजे दोन्हींना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर ठीक. इंजिन बंद करून पेडलला पाय न लावता पाच मिनिटे थांबलो. काटे हलले नाहीत. म्हणजे टाक्या ठीक. मग पेडल दाबून धरले आणि मागचा काटा सरसर उतरला. गळती पेडलच्या पुढे, मागच्या चाकांकडे! आमच्या प्रयोगशाळेत व्होल्टमीटर का फिरत नाही हे शोधताना आम्ही सगळ्या तारा एकदम उपटतो. त्या माणसाने एक पानाही न उचलता निम्मा ट्रक निर्दोष ठरवला होता.

चाकांना दगड लावले आणि हँडब्रेक सोडला, कारण तो लावलेला असताना दांड्या आधीच बाहेर आलेल्या असतात, काही कळत नाही. मदतनीस पेडलवर बसला. मिस्त्री साबणाचे पाणी घेऊन खाली शिरले, मागोमाग मीही. डाव्या चेंबरच्या भोकातून फुसफुस चालली होती. पडदा फाटला होता. रोग सापडला म्हणून मी खूश झालो आणि सहज उजवीकडे पाहिले.

"मामा, ही दांडी हलतच नाही."

मामा काही बोलले नाहीत. मिस्त्रींनी उजव्या चेंबरचा पाइप सोडवला. जोडात रुपयाएवढी पत्र्याची चकती बसवलेली होती. तिला डमी म्हणतात. चेंबर गळू लागला आणि नवा घ्यायचा नसला की त्याची वाटच बंद करतात, मग निदान बाकीच्या चाकांची हवा टिकते. गाडी चालते. हँडब्रेकची वाट वेगळी, त्यामुळे उभी गाडी नीट धरूनही ठेवते. कुणाला शंका येत नाही.

"मीच घातली," मामा मराठीत म्हणाले. "जूनमध्ये. त्या आठवड्यात चेंबर घेणार होतो."

जूनमध्ये माझ्या वसतिगृहाचे पैसे मामांनी भरले होते. मी हिशेब केला, पण तोंडाने बोललो नाही. रात्री सगळा घाट मागच्या एकाच चाकाच्या ब्रेकवर उतरलो होतो, आणि ते चाक सकाळपर्यंत टिकले होते.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. चेंबर सुरतेहून येणार, म्हणजे संध्याकाळ होणार. मदतनिसाने सुचवले, डावीकडेही डमी मारा, पुढचे ब्रेक आहेत, सुरत तीस-पस्तीस किलोमीटर, सपाट रस्ता. मामांनी माझ्याकडे पाहिले. मी नको म्हणावे अशी त्यांची अपेक्षा होती की हो म्हणावे अशी, हे मला आजही ठरवता येत नाही. मला स्वतःलाच क्षणभर हो म्हणावेसे वाटले होते, कारण उशिराबद्दल भाडे कापले जाणार हे मी ऐकले होते. मिस्त्री मात्र उठून हात पुसायला गेले. डमी मारायची तर दुसरीकडे जा, असे ते गुजरातीत म्हणाले. तेवढी गुजराती दुभाष्याशिवाय कळली.

दोन चेंबर मागवले. मामांकडे एकाचेच पैसे होते. दुसऱ्याचे मी माझ्या शिष्यवृत्तीतून मोबाइलवरून पाठवले. मामा दूर जाऊन उसाकडे तोंड करून उभे राहिले.

अंधार पडताना गाडी तयार झाली. निघण्यापूर्वी मामांनी पेडल दाबले आणि मला खाली वाकून पाहायला सांगितले. दोन्ही दांड्या हलत होत्या. "पुन्हा बघ," ते म्हणाले. मी पुन्हा पाहिले. सुरतेच्या वाटेवर गाडी सरळ चालली. बराच वेळाने ते म्हणाले, "हे तुझ्या आईला सांगू नको."

मी सांगितले नाही. मामा कानडी शाळेत शिकले, त्यामुळे हा अंक हाती पडला तर ते आधी कानडी विभागच उघडतील. आई मात्र लग्नानंतर मराठी वाचायला शिकली, आणि आता ती अंकातले एकही पान सोडत नाही.